‘चेकेड’, ‘चेक’ आणि ‘चेक्ट’: इंग्रजी भूतकाळाच्या प्रत्ययाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना मी शिकवताना ‘ताई’ म्हणायचे, इथेही तेच म्हणते. ओळख पटेल असा बाकी तपशील देत नाही. ताईंचं काम हिशेब तपासण्याचं. शाळा मराठी माध्यमाची, पुढचं शिक्षण इंग्रजीतून. वाचन चांगलं, ईमेल नेटक्या, व्याकरणाच्या चाचणीत चुका जवळजवळ नाहीत. बढतीनंतर त्यांच्याकडे एक नवीन जबाबदारी आली: दर आठवड्याला दुसऱ्या देशांतल्या सहकाऱ्यांना फोनवर कामाचा अहवाल द्यायचा. काय तपासलं, काय दुरुस्त केलं, कोणती नोंद उलटवली. म्हणजे वाक्यामागून वाक्य भूतकाळात.

चार-पाच बैठकांनंतर त्या माझ्याकडे आल्या. ‘मॅडम, मी सांगते काम झालं, आणि ते विचारतात कधी करणार? माझं इंग्रजी इतकं वाईट आहे का?’

नव्हतं. पण काहीतरी नक्कीच पोचत नव्हतं, आणि ते काय हे शोधायला मला हवा त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

(खाली इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिताना मी कानाला येणारा उच्चार लिहिला आहे, स्पेलिंगची नक्कल केलेली नाही. ‘ज्ड’, ‘व्ज’ अशा ठिकाणचा ज ‘आवाज’, ‘जरा’ यांतला वाचावा.)

अडचण

मी त्यांना दोन ध्वनिमुद्रणं करून आणायला सांगितलं. एकात लिहिलेला अहवाल मोठ्याने वाचायचा, दुसऱ्यात तोच मजकूर कागद न बघता सांगायचा.

वाचताना त्या म्हणत होत्या: ‘वी चेकेड’, ‘वी फिक्सेड’, ‘वी रिव्हर्सेड द एन्ट्री’. प्रत्येक क्रियापदाला शेवटी एक ठसठशीत ‘एड’. कागद बाजूला ठेवल्यावर मात्र: ‘लास्ट वीक वी चेक ऑल द एन्ट्रीज’, ‘वी फिक्स इट’. प्रत्यय पूर्ण गायब. ऐकणाऱ्याला ते वर्तमानकाळी वाक्य वाटणार, आणि पुढच्या आठवड्याच्या बेतासारखं ऐकू येणार. ‘कधी करणार’ हा प्रश्न तिथून येत होता.

माझा पहिला निष्कर्ष चुकला. मला वाटलं, या दोन वेगळ्या अडचणी आहेत: वाचताना उच्चाराची, बोलताना व्याकरणाची. म्हणून दोन आठवडे मी काळांचे सराव दिले. ताईंनी ते सगळे बिनचूक सोडवले आणि बोलताना पुन्हा ‘वी चेक’च म्हणाल्या.

वळण आलं ते दुसरं ध्वनिमुद्रण पुन्हा लक्ष देऊन ऐकल्यावर. ‘सबमिटेड’, ‘पोस्टेड’, ‘करेक्टेड’, ‘ॲडेड’ हे शब्द त्या कागदाशिवायही पूर्ण म्हणत होत्या. एकदाही प्रत्यय गळला नव्हता. काळ समजत नसता तर इथेही गळायला हवा होता. गळत होता तो फक्त ‘चेक’, ‘फिक्स’, ‘क्लोज’, ‘रिड्यूस’ अशा शब्दांवरचा.

फरक साधा आहे. मूळ क्रियापद ट किंवा ड या ध्वनीने संपत असेल, तरच इंग्रजीत हा प्रत्यय वेगळं अक्षर (म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा) म्हणून उच्चारला जातो: पोस्टिड, ॲडिड. (‘पोस्टेड’ म्हटलं तरी काही बिघडत नाही.) बाकी सगळीकडे स्पेलिंगमधली ‘ई’ मुकी असते आणि फक्त एक व्यंजन चिकटतं: कठोर ध्वनीनंतर ट, मृदू ध्वनी किंवा स्वर यांच्यानंतर ड. चेक्ट, फिक्स्ट, रिड्यूस्ट. क्लोज्ड, अप्रूव्ह्ड, प्लेड. म्हणजे ‘चेक्ट’ हा एका अक्षराचा शब्द आहे आणि ताईंच्या डोक्यात तो दोन अक्षरांचा होता. सावकाश वाचताना ते जादा अक्षर पेलवायचं. बोलण्याच्या वेगात जीभ ते ओझं टाकून द्यायची. हलकं रूप त्यांच्या तोंडात कधी बसलेलंच नव्हतं, त्यामुळे एक तर ‘चेकेड’ नाही तर ‘चेक’. दोन्ही चुकांचं मूळ एकच.

आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘टेन्शन’, ‘पेन्शन’, ‘मिशन’ हे शब्द ताई श लावून म्हणत आणि ‘टेलिव्हिजन’, ‘डिसिजन’ हे ज लावून. स्पेलिंगमधला शेवट पाचांचाही तोच, एस-आय-ओ-एन. आधी व्यंजनध्वनी असेल किंवा एस दोनदा आला असेल तर श, एकेरी एसच्या आधी स्वर असेल तर घोष, म्हणजे मृदू, उच्चार, हा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता. तसंच ‘सॉक्स’ला स, ‘शूज’ला ज आणि ‘बसेस’ला वेगळं अक्षर, हे अनेकवचनाचे तिन्ही प्रकार त्या मराठी बोलताना रोज नीट वापरत होत्या. हे शब्द कानाने आले होते. भूतकाळाचा प्रत्यय मात्र फळ्यावरून, ‘क्रियापदाला ईडी लावा’ या वाक्यातून आला होता. तो डोळ्याने आला आणि डोळ्याने दिसला तसाच उच्चारला गेला.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग म्हणजे उच्चाराला हातच न लावणं. वाक्याच्या सुरुवातीला ‘लास्ट वीक’, ‘ऑन मंडे’ असा काळ सांगायचा, म्हणजे प्रत्यय गळला तरी अर्थ पोचतो. हा कमीपणाचा उपाय मुळीच नाही, आणि बैठका चालूच असल्यामुळे तात्पुरता आधार म्हणून तो आम्ही लगेच वापरायला घेतला. पण ताईंना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं.

दुसरा, शब्दकोशांतली उच्चारचिन्हं शिकवणं. ती अचूक असतात आणि आयुष्यभर उपयोगी पडतात. पण कामाच्या धबडग्यात नवी लिपी शिकायची, आणि तीही फक्त एका प्रत्ययासाठी, हे मला जड वाटलं.

तिसरा, निव्वळ ऐकून नक्कल करणं. याचं एक पथ्य असतं: ऐकणाऱ्याला आधी फरक ऐकू यायला हवा. ‘चेक्ट’मधला ट ताईंना सुरुवातीला ऐकूच येत नव्हता. डोक्यात ‘चेकेड’ असताना कान ‘एड’ शोधतो, आणि ते नसलं की काहीच नाही असं समजतो.

चौथा, देवनागरी. आपली लिपी ध्वनी लिहायला उत्तम आहे, पण एक मोठा धोका आहे. आपण इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितो तेव्हा बहुतेक वेळा स्पेलिंगचं लिप्यंतर करतो. ताईंच्या जुन्या वहीत समासात ‘वॉकेड’, ‘वॉशेड’ असं लिहिलेलं होतं. चूक त्यांनी स्वतःच्या हाताने पक्की करून ठेवली होती.

पहिला प्रयत्न: नियमांचा तक्ता

मी तक्ता दिला. तीन रकाने, प्रत्येकात अक्षरं आणि उदाहरणं. तयार होता, सोपा होता, म्हणून दिला. ताईंनी तो दोन दिवसांत पाठ केला आणि नव्या चुका घेऊन आल्या.

‘लाफ’ या शब्दाच्या स्पेलिंगच्या शेवटी जी-एच आहे. त्यांनी विचार केला, जी-एच म्हणजे घ, घ मृदू, म्हणून ‘लाफ्ड’. प्रत्यक्षात शेवटचा ध्वनी फ आहे, म्हणून ‘लाफ्ट’. ‘रिलीज’ आणि ‘रेज’ यांच्या शेवटी सारखंच ‘एस-ई’ दिसतं, म्हणून दोन्हींना ट लावला. मराठीत आपण ‘रिलीज’ म्हणतो खरं, पण इंग्रजीत तो शब्द स ने संपतो: रिलीस, रिलीस्ट. ‘रेज’ खरोखर घोष आहे: रेज्ड. ‘यूज’ने तर पंचाईतच केली. ‘वापरलं’ या अर्थी यूज्ड. पण ‘पूर्वी करत असू’ या अर्थी ‘यूस्टु’. स्पेलिंग एकच.

तक्त्यात मी अक्षरं दिली होती आणि प्रत्यय ध्वनीवर ठरतो. ताईंना दोष देण्यासारखं काही नव्हतं. डोळ्याने आलेली चूक मी पुन्हा डोळ्यानेच दुरुस्त करू पाहत होते.

दुसरा प्रयत्न: संधी

ताईंना शालेय मराठी व्याकरण चांगलं आठवत होतं, हे मला गप्पांत कळलं. मी विचारलं, ‘विपद् अधिक काल?’

‘विपत्काल.’

‘द चा त का झाला?’

‘पुढे क आहे, कठोर. म्हणून मृदू द चा कठोर त.’ आणि न विचारता पुढे: ‘वाक् अधिक विहार, वाग्विहार.’

मग मी म्हटलं, इंग्रजीत नेमकं हेच होतं, दिशा तेवढी उलटी. आपल्याकडे पुढच्या वर्णामुळे मागचा बदलतो. तिथे मागच्या ध्वनीमुळे पुढचा प्रत्यय बदलतो. ड हा मूळ प्रत्यय धरा. क च्या सहवासात तो कठोर होऊन ट होतो. संस्कृतने हा बदल लिहून दाखवला, इंग्रजीने लिहिला नाही.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग वहीत वरचे जुने उच्चार एकेक करून खोडायला लागल्या.

मराठी बोलणाऱ्याला ‘लिहायचं एक, म्हणायचं दुसरं’ हेही परकं नाही. ‘चार’ माणसं आणि गाईला गवत ‘चार’, यांतला च आपण वेगवेगळा उच्चारतो आणि लिहितो सारखाच. कुणी अडखळत नाही. शब्द ओळखीचा असला की लिपीने सगळं सांगावं लागत नाही, हे ताईंना पटलेलं होतंच. इंग्रजीलाही तीच सवलत द्यायची होती.

तोंडात बसवणं

समजणं एका तासात झालं, जिभेला बरेच आठवडे लागले. शेवटी दोन-तीन व्यंजनं एकत्र आली की आपल्याला पाठीमागे ओझरता अ लागतो. ‘शब्द’ म्हणताना आपण द वर थांबत नाही, किंचित सोडतो. त्यामुळे ‘चेक्ट’चं ‘चेक्ट्अ’ व्हायचं, किंवा मधे फट पडून ‘चेकट’.

इथे जो उपाय लागू पडला तो मी आता सगळ्यांना आधी देते. एकटा शब्द म्हणायचाच नाही. पुढे स्वराने सुरू होणारा शब्द घ्यायचा आणि प्रत्यय त्याच्यावर ढकलायचा. ‘चेक्ट इट’ हे ‘चेक् टिट्’ होतं. त्यातला क्ट म्हणजे ‘डॉक्टर’मधला क्ट. ‘स्टॉप्ट ऑल’मधला प्ट ‘सप्टेंबर’मधला. ‘फिनिश्ट’ तर जवळजवळ ‘अनिष्ट’च्या यमकात बसतो, आणि ‘गोष्ट’ म्हणता येणाऱ्याला ‘वॉश्ट’ अवघड असायचं कारण नाही. हे सगळे व्यंजनसंयोग ताईंच्या तोंडात आधीपासून होते. ते इंग्रजी भूतकाळाचे आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

एक दिवस त्या एका परदेशी सहकाऱ्याचं बोलणं ऐकून आल्या. ‘मॅडम, ते स्वतःच ट खातात!’ निरीक्षण बरोबर होतं. ‘फिक्स्ट द’ सारख्या ठिकाणी दोन व्यंजनांमध्ये सापडलेला ट वेगात बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेलेही अनेकदा गाळतात. इथे निर्णय घ्यायचा होता: हे सांगून शिस्त सैल करायची, की लपवायचं? मी सांगितलं. व्यंजनापुढे गळला तर गळू दे, स्वरापुढे मात्र सोडायचा नाही. आणि ट की ड यावर फार अडकायचं नाही. ‘चेक्ड’ म्हटलं तरी माणूस समजतो. जादा अक्षर नको आणि प्रत्यय गळायला नको, या दोन गोष्टी राखल्या की काम होतं. माझ्या मते हा क्रम शिकवणाऱ्याने स्पष्ट ठरवायला हवा, नाहीतर शिकणारा बारकाव्यात दमून जातो.

नवा नियम फार ताणला गेला तेव्हा

आठव्या आठवड्यात ताईंनी अहवालातला ‘मार्किडली’ हा शब्द ‘मार्क्टली’ असा वाचला. नियमाप्रमाणे बरोबर, प्रत्यक्षात चूक. शेवटी ‘ली’ लागून क्रियाविशेषण झालं की काही शब्दांत ती मुकी ‘ई’ बोलायला लागते: मार्किडली, सपोजिडली. काही विशेषणांतही ती टिकून आहे: विकिड, रगिड, नेकिड. ‘लर्न्ड’ म्हणजे शिकलं, पण विद्वान या अर्थी ‘लर्निड’.

ताईंनी विचारलं, हे अपवाद आले कुठून? उत्तर असं की अपवाद नंतर आलेच नाहीत, ते जुने रहिवासी आहेत. एकेकाळी हा प्रत्यय सगळीकडेच वेगळं अक्षर म्हणून उच्चारला जाई. पुढे बोलण्यात तो आखडत गेला. 1712 साली लेखक जोनाथन स्विफ्ट याने या आखडण्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. स्वर काढून टाकल्याने व्यंजनांचा कर्कश खडखडाट होतो अशी त्याची तक्रार होती. म्हणजे ताईंचं ‘चेकेड’ हे काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीला धरूनच होतं. हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मी पाहिला. आपण मूर्खासारखं बोलत होतो, ही सल तोपर्यंत त्यांनी बाळगली होती.

स्पेलिंगवर झालेला परिणाम

याची मला कल्पना नव्हती. उच्चार सुधारला तशी ताईंच्या ईमेलमध्ये ‘स्टॉप्ट’ ऐकू येतो तसा शेवटी टी लावून लिहिलेला दिसू लागला. कानावर भरवसा बसला, आणि हात कानामागे गेला.

गंमत म्हणजे हा प्रयोग इंग्रजीत झालेला आहे. जुन्या छापील पुस्तकांत ‘ड्रॉप्ट’, ‘स्टॉप्ट’ अशी टीवाली रूपं सर्रास सापडतात. 1906 साली अमेरिकेत स्पेलिंग सोपं करणाऱ्या मंडळाने सुचवलेल्या 300 शब्दांत अशी बरीच रूपं होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती सरकारी छपाईत वापरायचा आदेशही दिला, पण विरोध इतका झाला की त्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. ‘लर्न्ट’, ‘बर्न्ट’ यांसारखी थोडी रूपं ब्रिटिश लेखनात आजही चालतात. बाकी ठिकाणी ‘ईडी’च लिहायचं, कारण ट, ड, इड काहीही ऐकू आलं तरी वाचणाऱ्याला भूतकाळ एकाच खुणेने ओळखता येतो. हा लाभ ताईंना हिशेबनीसाच्या नजरेने लगेच पटला.

दुसरी चूक जुनीच होती: शेवटचं व्यंजन दुप्पट कधी करायचं. ‘योजलं’ या अर्थी एकाच एनने लिहिलेला ‘प्लॅन्ड’ इंग्रजीत ‘प्लेन्ड’ वाचला जातो, म्हणजे ‘रंधा मारला’. दोन एन आधीच्या ऱ्हस्व स्वराचं रक्षण करतात. शब्द एकाहून जास्त अक्षरांचा असेल तर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, कुठे आहे ते बघायचं. ‘सबमिट’, ‘रेमिट’, ‘रेफर’ यांत आघात शेवटी, म्हणून दुप्पट. ‘ऑडिट’, ‘क्रेडिट’, ‘डेबिट’ यांत पहिल्या अक्षरावर, म्हणून एकच टी. त्यांच्या कामातले शब्द या नियमात इतके चपखल बसले की वेगळा सराव द्यावा लागला नाही. ‘कॅन्सल’ मात्र ब्रिटनमध्ये दोन एलने आणि अमेरिकेत एकाने, तिथे समोरच्याची पद्धत पाळायची.

निष्पत्ती

आम्ही 14 आठवडे काम केलं. शेवटच्या ध्वनिमुद्रणात कागदाशिवाय बोलतानाही प्रत्यय बहुतेक ठिकाणी होता, स्वरापुढे जवळजवळ नेहमी. दमल्यावर किंवा कुणी मधेच प्रश्न विचारल्यावर ‘वी चेक’ परत येई. ‘फोकस’, ‘बॅलन्स’ अशा शब्दांना अजूनही अधूनमधून ‘एड’ लागतो. बैठकांत ‘कधी करणार’ हा प्रश्न थांबला होता. ‘लास्ट वीक’ची कुबडी त्यांनी टाकली नाही, आणि टाकायला मी सांगितलंही नाही.

पुन्हा करायचं झालं तर

काळांच्या सरावात घालवलेले दोन आठवडे मी वाचवीन. दोन ध्वनिमुद्रणं हातात होती. कोणत्या शब्दांवर प्रत्यय टिकतो आणि कोणत्यांवर गळतो, हे पहिल्याच दिवशी मोजायला हवं होतं. तक्ता देणार नाही. आणि नवा उच्चार शिकवतानाच ‘लिहिताना ईडीच’ हे बजावून ठेवीन, म्हणजे ईमेलमधला गोंधळ टळेल.

एका बाबतीत माझं मन अजून ठरलेलं नाही. अनेकवचनाच्या ‘सॉक्स-शूज-बसेस’पासून सुरुवात केली असती तर? तिथे ताईंचा कान तयारच होता, आणि नियम हुबेहूब तोच: कठोरानंतर कठोर, मृदूनंतर मृदू, सारखेच ध्वनी भिडले तर मधे स्वर. पुढच्या विद्यार्थ्याला मी तसं शिकवून बघणार आहे.

ताई अजून अधूनमधून एखादा शब्द पाठवतात. मागचा होता ‘हाउस’. एकवचनात स, मग अनेकवचनात ‘हाउजिज’ का? मी त्यांना ‘नाइफ’चं ‘नाइव्ज’ आठवायला सांगितलं. दोन स्वरांमध्ये सापडलेला ध्वनी घोष होण्याची फार जुनी खोड आहे ती; फ चा व्ह झाला तो लिहिला गेला, स चा ज झाला तो लिहिला गेला नाही. थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं: ‘म्हणजे एक वाग्विहार लिहिला, दुसरा नुसता बोलला.’